जिंकण्याची ईर्षा व चित्ताची स्थिरता

(वाचन : उत्पत्ति ४ : १–८, नीतिसूत्रे १६ : ३२, १ करिंथ. ९ : २४–२७)

भातकापणी आटोपून खळीं मोकळीं झालीं म्हणजे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील गांवोगांवीं शेतांतील ढेकळें फोडून, पाणी मारून व चुन्याच्या रेघा ओढून कबड्डीचीं मैदानें तयार होऊं लागतात. कोठें दिव्यांच्या उजेडांत रात्रभर सामने चालतात, कोठें टेनिसच्या चेंडूनें क्रिकेट खेळलें जातें. आमच्या मंडळ्यांतील तरुणही त्यांत उतरतात, आणि त्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. ज्या देवानें आत्मा दिला त्यानेंच हातपाय दिले आहेत. परंतु या सामन्यांच्या पाठोपाठ पुष्कळदां दुसरेंही एक पीक उगवतें. पंचाच्या एका शब्दावरून शिवीगाळ होते, शिवीगाळीवरून हाणामारी होते, आणि मग दोन घरांचा महिनोन्‌महिने अबोला राहतो. तीं दोन घरें कधीं कधीं एकाच मंडळींतील असतात. रविवारीं तीं एकाच छपराखालीं बसतात, एकच गीत गातात, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं एकमेकांकडे पाहात नाहींत. म्हणून ही गोष्ट केवळ खेळाची राहात नाहीं. ती मंडळीच्या जीवाशीं येऊन भिडते.

याविषयीं आम्हांस दोन प्रकारचे विचार ऐकावयास मिळतात. मंडळींतील कित्येक वडील माणसें म्हणतात कीं, दुसऱ्यास हरविण्याची इच्छा हीच मुळीं पापाची इच्छा होय; यास्तव ख्रिस्ती मनुष्यानें चुरशीच्या खेळांपासून दूरच राहावें. तरुण म्हणतात, “अंगांत आग असल्याशिवाय कोणी जिंकत नाहीं, शांत राहणें हें म्हाताऱ्यांचें काम.” हे दोन विचार एकमेकांच्या अगदीं उलट दिसतात. परंतु नीट पाहिलें असतां दोघांच्याही पोटांत एकच समजूत आहे. ती अशी कीं, जिंकण्याची ओढ व मनाची शांति यांचें हाडवैर आहे. एक ठेवावयाची तर दुसरी सोडलीच पाहिजे. ही समजूत खरी आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम शास्त्राकडे वळूं. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितांना धांवणारांचा व मुष्टियुद्ध करणारांचा दाखला देतो. करिंथ शहराजवळच दर दोन वर्षांनीं इस्थमी नांवाचे मोठे खेळ होत असत, आणि जिंकणाराच्या मस्तकावर पानांचा मुगुट घालीत असत. तेव्हां हा दाखला त्या मंडळीच्या अगदीं डोळ्यांपुढचा होता. पौल धांवणारास दोष देत नाहीं. उलट, असें धांवा कीं बक्षीस मिळेल, असेंच सांगतो. आणि त्याच श्वासांत तो सांगतो कीं, जो स्पर्धेंत उतरतो तो सर्व बाबतींत आपणांवर ताबा ठेवितो. आतां पौलाच्या मतें संयम हा धांवण्याच्या विरुद्ध नाहीं, तर धांवण्याचाच एक भाग आहे. ज्यास बक्षीस खरोखर पाहिजे तोच स्वतःस आवरतो. ज्यास तें नको तो कशास आवरील?

यावर कोणी चाणाक्ष उपदेशक म्हणेल कीं, दाखला दिला म्हणजे त्या गोष्टीस मान्यता दिली असें होत नाहीं. प्रभूनें अन्यायी कारभाऱ्याचा दाखला दिला, म्हणून लबाडी चांगली ठरत नाहीं. हा आक्षेप योग्य आहे, आणि आम्ही तो टाळूं इच्छीत नाहीं. त्यांत भर अशी कीं, तोच पौल फिलिप्पैकरांस दुसऱ्या अध्यायांत ताकीद देतो कीं चढाओढीनें व पोकळ डौलानें कांहींच करूं नका. आणि पुढें तिसऱ्या अध्यायांत सांगतो कीं आपण स्वतः बक्षिसाकडे नजर लावून धांवत आहों. एकाच पत्रांत धांवणें आहे आणि चढाओढीचा निषेधही आहे. तेव्हां पौलाच्या मनांत या दोन निरनिराळ्या वस्तू असल्या पाहिजेत. त्या वेगळ्या कशा करावयाच्या हेंच आपलें काम आहे.

आपल्या मराठी भाषेनें या कामीं आपणांस मोठी मदत केली आहे. आपल्यापाशीं तीन शब्द आहेत : जिद्द, ईर्षा आणि मत्सर. जिद्दीचा डोळा कामावर असतो : “हा डोंगर मीं चढणारच.” ईर्षेचा डोळा दुसऱ्यावर असतो : “तो चढला, मग मीं कां नाहीं?” मत्सराचा डोळाही दुसऱ्यावरच असतो, परंतु तो म्हणतो, “मीं चढलों नाहीं तरी चालेल, तो पडला पाहिजे.” ईर्षा ही या दोहोंच्या मध्यें उंबऱ्यावर उभी आहे. तिचें तोंड एकीकडे वळलें तर ती जिद्द होते. दुसरीकडे वळलें तर ती मत्सर होते. म्हणून ईर्षा पाप कीं पुण्य, असा प्रश्न करून उपयोग नाहीं. तिचें तोंड कोणीकडे वळलें आहे, हें विचारिलें पाहिजे.

काइनाची गोष्ट हीच आहे. हाबेलानें काइनाचें कांहीं घेतलें नव्हतें. हाबेलाचें अर्पण मान्य झालें म्हणून काइनाच्या शेतांतील एक कणीसही कमी झालें नाहीं. तरी काइनाची नजर आपल्या अर्पणावरून उठली व भावावर जाऊन बसली. देव त्यास त्या क्षणीं टाकून देत नाहीं. तो त्यास विचारितो कीं तुझें तोंड कां उतरलें, आणि बजावतो कीं पाप दाराशीं टपून बसलें आहे, त्यावर तूं सत्ता चालविली पाहिजे. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. देव काइनाशीं खून झाल्यावरच बोलत नाहीं. तोंड उतरलें तेव्हांच बोलतो. मनाचा ताबा ठेवण्याची वेळ ती होती. शेतांत गेल्यावर फार उशीर झाला.

शौल राजाचेंही तसेंच. दावीदानें शौलाचा पराभव केला नव्हता. त्यानें शौलाच्या शत्रूचा केला होता. परंतु बायकांनीं गाण्यांत दावीदाचा आंकडा मोठा सांगितला, आणि त्या दिवसापासून शौलाची झोंप उडाली. त्याच घरांत योनाथान होता. गादीचा वारस तोच. दावीदामुळें सर्वांत अधिक नुकसान त्याचेंच व्हावयाचें होतें. पण त्यानें आपला झगा काढून दावीदास दिला. योनाथान कांहीं भित्रा नव्हता; एका शस्त्रवाहकास घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चढून जाणारा तो वीर होता. जिद्द त्याच्यापाशीं बापाहून कमी नव्हती; मत्सर मात्र नव्हता. या एका घरानेंच आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर दिलें आहे.

आतां दुसरें अर्ध. चित्ताची स्थिरता म्हणजे काय? कित्येकांस वाटतें कीं स्थिर मनुष्य म्हणजे ज्यास कांहीं वाटतच नाहीं असा. ग्रीस देशांत स्तोयिक नांवाचे तत्त्ववेत्ते होते, अथेनै येथें पौलाचा त्यांच्याशीं संवाद झाला. ते मनोविकारांस रोग मानीत आणि शहाण्यानें ते उपटून टाकावे असें शिकवीत. आमच्या देशांतही सुखदुःख समान मानणाऱ्या स्थितप्रज्ञाचा आदर्श फार जुना आहे, आणि त्यांतील उदात्त भाग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आमच्या प्रभूचें चित्र वेगळें आहे. तो वादळांत मचव्याच्या मागल्या बाजूस उशीवर झोंपतो, हें खरें. पण तोच लाजाराच्या कबरेपाशीं रडतो, मंदिरांत सराफांचे चौरंग उलथून टाकितो, आणि गेथशेमानेंत इतका व्याकूळ होतो कीं शिष्यांस जवळ जागे राहावयास सांगतो. त्यास सर्व कांहीं वाटलें. परंतु जें वाटलें त्यानें त्याच्यावर राज्य केलें नाहीं. पेत्रानें त्याच रात्रीं तरवार उपसली. पेत्रास वाटलें तें त्याच्या हातानें लागलेंच करून टाकिलें. स्थिरता म्हणजे न वाटणें नव्हे. जें वाटतें त्यास त्याच्या जागीं बसविणें होय.

आमच्या तालुक्यांतील वाचकांस हें समजावयास दूर जावयास नको. कर्जत स्थानकांत उभे राहून पाहावें. बोरघाटांतील लोहमार्ग इ. स. १८६३ सालीं सुरू झाला. त्याचा चढ इतका उभा आहे कीं सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांस कर्जतेस मागून जादा इंजिनें लावितात. ही झाली ईर्षा. तिच्यावांचून घाट चढवत नाहीं. परंतु घाट उतरणाऱ्या गाडीस वाटेंत थांबवून तिचे ब्रेक तपासतात, आणि एखाद्या गाडीचा ब्रेक निकामी झालाच तर तिला वळवून घालण्यासाठीं चढणीचे आडरूळ बांधून ठेविले आहेत. ब्रेक हा इंजिनाचा वैरी आहे, असें कोणी म्हणेल काय? ब्रेक नसता तर त्या घाटांत इंजिन नेण्याचें धाडसच कोणी केलें नसतें. जो आपणांस थांबवूं शकतो तोच निर्भयपणें वेग घेऊं शकतो.

कबड्डीच्या मैदानावर हेंच दिसतें. चढाई करणारा एकटा सात जणांत शिरतो. त्याचा दम एक, त्याची वेळ तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या म्हणजे तिसरींत गुण आणावाच लागतो, नाहीं तर तो बाद होतो. अशा वेळीं जो रागानें आंत धांवतो तो कोपऱ्यांतील पकडीच्या हातीं आयता सांपडतो. जो भयानें मध्यरेषेजवळच घुटमळतो तोही बाद होतो. ज्याचें रक्त तापलें आहे पण डोळा निवलेला आहे, तोच परत येतो. तरुण म्हणतात कीं आग पाहिजे. पाहिजेच; परंतु चुलींतील आग भाकरी भाजते आणि छपराची आग घर खाते. आग तीच, जागा निराळी.

“शांत राहणें दुबळ्यांचें काम” म्हणणारांनीं खालापूर तालुक्यांतील छावणी गांवाजवळची उंबरखिंडही आठवावी. इ. स. १६६१ सालीं कारतलबखानाची मोठी फौज त्या अरुंद वाटेनें कोंकणांत उतरत असतां शिवाजी महाराजांचे मावळे दोहों बाजूंच्या रानांत गुपचूप बसून होते. शत्रू पुरता खिंडींत येईपर्यंत त्यांनीं आपणांस आवरिलें. तें आवरणें हाच त्या जयाचा पाया होता. आणि शत्रू शरण आला तेव्हां खंडणी घेऊन त्यास जाऊं दिलें. जय मिळविण्यापूर्वीं आवरणें आणि जय मिळाल्यावर आवरणें, या दोन्ही गोष्टी त्या खिंडींत घडल्या. यांतील दुसरी अधिक कठीण, असें आम्हांस वाटतें.

परंतु युद्धापेक्षां खेळाचें उदाहरण आमच्या प्रश्नास अधिक जवळचें आहे, आणि तें आमच्याच मराठी ख्रिस्ती समाजानें दिलें आहे. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका शिक्षकाच्या घरीं झाला. आठ भावंडांपैकीं ते एक. ते स्वभावानें लाजाळू व अबोल होते. मैदानावर त्यांचा आवाज चढलेला कोणाच्या स्मरणांत नाहीं. पण त्यांच्या धांवा पाहाव्या. इ. स. १९३९-४० च्या हंगामांत पुणें येथें महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनीं नाबाद ३१६ धांवा काढिल्या. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें भारतीय खेळाडूनें केलेलें तें पहिलें त्रिशतक होय. अबोल मनुष्यास जिद्द नसते, असें म्हणणारांनीं हा आंकडा लिहून ठेवावा.

त्या काळीं मुंबईस जी पंचरंगी स्पर्धा होत असे तिच्यांत संघ धर्मांवरून पाडलेले असत : युरोपियन, हिंदू, पारशी, मुसलमान, आणि इ. स. १९३७ पासून “इतर” नांवाचा पांचवा संघ. या “इतरां”त भारतीय ख्रिस्ती, यहुदी वगैरे लहान समाजांचे लोक एकत्र खेळत. अशा स्पर्धेंत प्रत्येक धांव ही जणूं आपल्या समाजाची अब्रू होऊन बसे. गांधीजींनीं इ. स. १९४० सालीं या पद्धतीविरुद्ध आपलें मत दिलें, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. इ. स. १९४३ च्या डिसेंबरांत तिचा अंतिम सामना ब्रेबॉर्न मैदानावर हिंदू व इतर यांच्यांत झाला. हजारे यांनीं आधींच्या सामन्यांत २४८ धांवा केल्या होत्या. अंतिम सामन्यांत विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० करून त्यांस मागें टाकिलें, आणि हिंदूंनीं पांच गडी बाद ५८१ वर डाव सोडिला. इतरांचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. दुसऱ्या डावांत सर्व संघाच्या मिळून ३८७ धांवा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धांवांची भागी केली, तींत विवेक यांचा वांटा अवघा २१ होता. शेवटीं त्यांचा संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला.

वाचकहो, या सामन्याचा थोडा विचार करा. जय हातीं लागणार नाहीं हें डावाच्या प्रारंभींच जवळजवळ ठरलेलें होतें. दोन विजयांमध्यें चढाओढ होती, हें सर्व जग पाहात होतें. तरी मर्चंट यांच्या धांवा हजारे यांच्या खिशांतून गेल्या नव्हत्या. हाबेलाच्या अर्पणानें काइनाचें शेत कमी झालें नाहीं, तसेंच हें. जो केवळ जिंकण्यासाठींच खेळतो त्यानें अशा वेळीं बॅट फेंकली असती. जो केवळ शांत आहे, म्हणजे ज्यास कांहींच नको आहे, त्यानेंही ती फेंकलीच असती. हजारे यांनीं दोन्ही केलें नाहीं. आणि ज्या भावानें एकवीसच धांवा करून दुसरें टोंक संभाळिलें त्याचीही वाखाणणी करावी तेवढी थोडी. आमच्या मंडळ्यांत ३०९ करणारे थोडे असतील; एकवीस करून दुसरें टोंक धरून ठेवणारे पुष्कळ पाहिजेत.

हें एकदांच घडलें असें नाहीं. इ. स. १९४८ च्या जानेवारींत अ‍ॅडलेड येथें ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवा केल्या असतां, लिंडवॉल व मिलर यांच्या वेगवान गोलंदाजीपुढें हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५ धांवा काढिल्या. भारत तो सामना एक डाव व १६ धांवांनीं हरला. इ. स. १९५२ च्या जूनमध्यें लीड्स येथें दुसऱ्या डावांत भारताचे चार गडी एकही धांव न होतां बाद झाले. त्या प्रसंगीं कर्णधार असलेल्या हजारे यांनीं ५६ धांवा केल्या व कोल्हापूरचे दत्तू फडकर यांच्यासह पडझड थोपविली. आणि त्याच वर्षीं फेब्रुवारींत मद्रास येथें भारतानें इंग्लंडाविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हेच होते. पराभवांत ज्याचा तोल गेला नाहीं त्याच्याच हातीं पहिला जय आला. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोदें येथें वारले.

दुसरें उदाहरण सर्व जगाच्या मंडळीचें आहे. एरिक लिडेल हे स्कॉटिश मिशनऱ्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म चीन देशांत इ. स. १९०२ सालीं झाला. इ. स. १९२३ सालीं इंग्लंडांत एका ४४० यार्डांच्या शर्यतींत प्रारंभींच धक्का लागून ते खालीं पडले. बाकीचे पुढें निघून गेले असतां ते उठले, धांवले, आणि जिंकले. पडल्यावर धक्का कोणी मारिला हें पाहाण्यांत त्यांनीं एक क्षणही घालविला असता तर शर्यत गेलीच होती. पुढील वर्षीं पॅरिस येथील ऑलिंपिक खेळांत शंभर मीटरच्या प्राथमिक धांवा रविवारीं ठरल्या. प्रभूच्या दिवशीं धांवणार नाहीं, असें त्यांनीं कांहीं महिने आधींच सांगितलें, आणि ४०० मीटरची तयारी केली. तींत त्यांनीं ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. हा निश्चय मैदानावर ऐन वेळीं झाला नाहीं, हें लक्षांत ठेवावें. स्थिर मनाचीं उत्तरें आधींच तयार असतात.

या गोष्टीचा शेवट मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो. लिडेल इ. स. १९२५ सालीं मिशनरी होऊन चीनला गेले. महायुद्धांत जपानी लोकांनीं त्यांस वायह्सियेन येथील छावणींत कोंडून ठेविलें. तेथील मुलांस ते खेळ शिकवीत. परंतु रविवारीं खेळ नको, अशी त्यांची शिस्त होती. एका रविवारीं मुलांनीं आपण होऊन हॉकी खेळावयास घेतली आणि पंच नसल्यामुळें मारामारी झाली. त्यानंतर लिडेल रविवारीं पंच म्हणून उभे राहूं लागले. सोन्याच्या पदकासाठीं ज्यानें रविवार दिला नाहीं, त्यानें भांडणाऱ्या लेकरांत समेट राहावा म्हणून तो दिला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं त्याच छावणींत ते मरण पावले. मनाचा ताबा आणि मनाचा कठीणपणा यांतील भेद यापेक्षां स्पष्ट दाखविणें आम्हांस शक्य नाहीं.

आतां एक अवघड प्रश्न राहतो. पंच खरोखरच अन्याय करीत असला तर काय करावें? इ. स. २०२५ सालीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांत पंचाच्या निर्णयावरून संतापलेल्या एका नामांकित मल्लानें पंचास लाथ मारिली, आणि त्यास तीन वर्षांची बंदी झाली. निर्णयाविषयीं वाद झाला. त्यांत आम्ही पडत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, निर्णय चुकलेला असला तरीही त्या लाथेनें तक्रारीचें बळ नाहींसें केलें. त्यानंतर लोक निर्णयाविषयीं थोडें व लाथेविषयीं फार बोलले. राग हा पुष्कळदां खऱ्या फिर्यादीचा सर्वांत वाईट वकील असतो.

परंतु येथें आम्हांस दुसऱ्या बाजूसही सावधगिरी सुचविली पाहिजे. “शांत राहा” हा उपदेश बलवान लोक दुर्बलांस फार आवडीनें करितात. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या ऐकिला आहे, आणि त्याचा खरा अर्थ “तोंड उघडूं नका” असा होता हें त्यांस ठाऊक आहे. पळवणकर बाळू हे चांभार समाजांतील थोर गोलंदाज. इ. स. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. आपल्याच संघाचे लोक त्यांस चहा वेगळ्या भांड्यांत देत, आणि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस कधीं मिळालें नाहीं. त्यांनीं चेंडूवरील ताबा सोडिला नाहीं. पण या घराण्यानें अन्यायही मुकाट्यानें गिळिला नाहीं. इ. स. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून माघार घेऊन आपला निषेध सर्वांपुढें मांडिला, आणि इ. स. १९२३ सालीं विठ्ठल हे कर्णधार झाले. त्यांनीं कोणावर हात उगारिला नाहीं, आणि मानही खालीं घातली नाहीं. पौलानेंही असेंच केलें. फिलिप्पै येथें अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप सोडून देऊं म्हटलें, तेव्हां त्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें असें तो म्हणाला. आणि फेस्ताच्या न्यायासनापुढें त्यानें कैसराकडे दाद मागितली. स्थिरता अन्यायास मान्यता देत नाहीं. ती फक्त अन्यायाविरुद्ध लढण्याचा हात स्वच्छ ठेविते.

हे सर्व विचार मंडळीच्या व्यवहारांत कसे आणावे, याविषयीं थोडें सांगून आम्ही संपवितों.

आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी खेळून घरीं आली म्हणजे “जिंकलीस का?” हा पहिला प्रश्न करूं नका. “कशी खेळलीस?” असें विचारा, आणि मग, “समोरचीं कशीं खेळलीं?” असें विचारा. ज्या लेकरास समोरच्याचें कौतुक खरेपणानें सांगतां येतें, त्याच्या ईर्षेचें तोंड योग्य बाजूस वळलें आहे असें समजा. हरल्यावर पोर रडलें तर त्यास रडूं द्या. रडणें पाप नव्हे. रडून झाल्यावर तें पंचास शिव्या देतें कीं उद्यांच्या सरावाची गोष्ट काढितें, तेवढें पाहा.

तरुणांनो, सामन्यापूर्वीं प्रार्थना अवश्य करा. परंतु केवळ जयासाठीं करूं नका. समोरच्या संघांतही तुमच्यासारखींच प्रभूचीं लेकरें असतील, आणि तींही गुडघे टेकून आलीं असतील. बाप दोघांचा एकच. आपली सर्व शक्ति प्रामाणिकपणें लागावी, कोणास इजा होऊं नये, आणि सामना संपल्यावर हात हातांत देतां यावा, हें मागा; ही प्रार्थना दोन्ही संघांस एकाच वेळीं मिळूं शकते. आणि हें लक्षांत असूं द्या कीं मनाचा ताबा सामन्याच्या दिवशीं उसना मिळत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. गुडघ्यावर, पोटावर व उभ्यानें, अशा तीन रीतींनीं नेम धरावा लागतो, आणि श्वास चुकला तरी गोळी चुकते. असा श्वास वर्षानुवर्षांच्या रोजच्या सरावानेंच हातीं येतो. घरीं धाकट्या भावावर खेंकसणारा मैदानावर एकाएकीं शांत होणार नाहीं. सराव घरापासूनच करावा.

उपदेशक बंधूंनो, आपणांसही दोन शब्द. आपण कबड्डी खेळत नसलों तरी चढाओढींतून आपण सुटलों आहों असें समजूं नये. कोणाच्या गांवीं अधिक बाप्तिस्मे झाले, कोणाच्या शब्बाथशाळेस ढाल मिळाली, सभेंत कोणाचें नांव आधीं घेतलें, या गोष्टींनीं आपलें तोंड उतरतें काय? उतरलें तर काइनास विचारिलेला प्रश्न आपणांसच आहे. शेजारच्या वाडीवर दुसऱ्याच्या हातून एक ठाकूर किंवा कातकरी कुटुंब प्रभूकडे आलें, तर आपल्या शेतांतील कणीस कमी झालें नाहीं. धन्याचें खळें भरलें. आणि मंडळींत सामन्यावरून अबोला धरलेलीं दोन घरें असतील, तर प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वीं आपण स्वतः त्या दोन्ही घरीं जावें. वेदीपाशीं दान ठेवून आधीं भावाशीं समेट कर, ही आज्ञा कोणत्याही करंडकापेक्षां जुनी आहे.

शेवटीं योहानाच्या शुभवर्तमानांतील एका शर्यतीची आठवण देतों. पुनरुत्थानाच्या सकाळीं पेत्र व तो दुसरा शिष्य कबरेकडे धांवत निघाले. दुसरा अधिक जलद धांवला व आधीं पोहोंचला. शुभवर्तमानकारानें हें नमूद करण्यांत कांहीं संकोच केला नाहीं. परंतु पोहोंचल्यावर तो बाहेर थांबला, मागून आलेला पेत्र आधीं आंत गेला, आणि नंतर तोही गेला. कोण आधीं पोहोंचला, कोण मागून आला. दोघांनाही तेंच रिकामें थडगें व तींच तागाचीं वस्त्रें दिसलीं. ख्रिस्ती मनुष्यानें असेंच धांवावें : पाय जोरांत, मन हातांत, आणि मागून येणाऱ्यासाठीं वाट मोकळी. प्रभु आमच्या तरुणांस असे पाय व असें मन देवो.